एका सालाचें गीत

स्पर्धेसाठीं रचलेल्या गीताकडे रसिक मनुष्य थोड्या साशंक दृष्टीनें पाहतो, आणि त्यांत त्याचें फारसें चुकतें असें म्हणवत नाहीं. जें गीत परीक्षकांना जिंकावयास निघालें, त्याचें लक्ष अंतरींच्या भावनेपेक्षां समोरच्या चेहऱ्यांकडे अधिक असावयाचें. त्यांतून तें एका राष्ट्राच्या वतीनें उभें राहणार असेल तर विचारावयासच नको! युरोपांतील नभोवाणी-संस्थांच्या संघानें चालविलेली ‘युरोव्हिजन’ ही गीतस्पर्धा १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सात देशांना घेऊन सुरू झाली. प्रत्येक देशानें आपलें एक नवें गीत पाठवावयाचें, तें तीन मिनिटांहून लांब नसावें, आणि मग देशोदेशीं त्यास गुण द्यावयाचे, असा हा खेळ आहे. त्यांतून आजवर पुष्कळ गोड चाली, पुष्कळ चमचमाट आणि थोडीं चांगलीं गाणीं बाहेर पडलीं. या थोड्या गाण्यांत युक्रेनच्या जमाला या गायिकेच्या ‘१९४४’ या गीताची गणना करावी काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

गीताचें नांवच एक साल आहे. १८ मे १९४४ रोजीं पहाटे, स्टालिनच्या आज्ञेनें, क्रिमिया द्वीपकल्पांतील तातार लोकांच्या घरांत सोव्हिएत शिपाई शिरले. जर्मनांशीं संगनमत केल्याचा आरोप साऱ्या जातीवर ठेवण्यांत आला होता. त्याच जातीचे कित्येक तरुण त्या वेळीं लाल सेनेंत लढत होते, ही गोष्ट कोणीं विचारांत घेतली नाहीं. तीन दिवसांत सुमारें १ लक्ष ९० हजार माणसें आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत कोंडून, मुख्यतः उझबेकिस्तानकडे, धाडण्यांत आलीं. वाटेंत आणि पुढच्या कांहीं वर्षांत त्यांतलीं हजारों माणसें दगावलीं. मायभूमीस परतण्याची मोकळीक मिळण्यास १९८० नंतरच्या दशकाची अखेर उजाडावी लागली. जमालाचा जन्म १९८३ सालचा, किरगिझस्तानांतील ओश या गांवचा. म्हणजे ती या हद्दपारींतच जन्मली. आपली पणजी पांच मुलांसह त्या गाडींत होती आणि त्यांतलें एक लेकरूं वाटेंतच गेलें, असें तिनें सांगितलें आहे.

२०१४ सालीं रशियानें क्रिमिया आपल्या राज्यास जोडून घेतला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १४ मे २०१६ रोजीं, स्टॉकहोम येथील अंतिम फेरींत हें गीत गायिलें गेलें. आक्षेप निघाले नसते तरच नवल! गीतांत राजकीय आशय नसावा असा या स्पर्धेचा नियम आहे, आणि रशियांतील राजकारणी मंडळींनीं त्यावरच बोट ठेवलें. संघानें मात्र शीर्षक व शब्द तपासून, त्यांत राजकारण नाहीं असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा अनेकांना पळवाट वाटली. आम्हांस तो योग्य वाटतो. परंतु त्याचें कारण नियमांत नसून गीताच्या रचनेंत आहे.

तें कारण समजण्यास एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल. २००९ सालची स्पर्धा मॉस्को येथें भरली होती. त्या वर्षीं जॉर्जियानें निवडलेल्या गीतांत रशियाचे तेव्हांचे पंतप्रधान पुतिन यांच्या नांवावर उघड कोटी होती. शब्द बदलण्यास सांगतांच जॉर्जियानें स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. त्या देशाचा राग खोटा नव्हता. आदल्याच वर्षीं त्याचें रशियाशीं युद्ध झालें होतें. परंतु कोटीचा सारा जोर ज्याच्यावर ती केली त्याच्या नांवांत असतो. तें नांव काढलें कीं मागें कांहीं उरत नाहीं. ‘१९४४’ मध्यें कोणाचेंच नांव नाहीं—स्टालिनचें नाहीं, रशियाचें नाहीं, क्रिमियाचेंही नाहीं. आरोपपत्राला आरोपीचें नांव लागतें, विलापाला तें लागत नाहीं. आणि हें गीत मूलतः विलाप आहे.

याचा अर्थ तें निर्दोष आहे असा मात्र नव्हे. त्याचीं कडवीं इंग्रजींत आहेत व ध्रुपद क्रिमियन तातार भाषेंत. १९९९ पासून वाटेल त्या भाषेंत गाण्याची मुभा असल्यामुळें पुष्कळ देश इंग्रजीचा आश्रय करतात, तेव्हां ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत गीताला द्यावी लागली आहे. आरंभींचें चित्र—घरांत शिरणारीं परकीं माणसें आणि त्यांचें हात झाडून मोकळें होणें—ठसठशीत आहे, कारण त्यांत घर आहे, माणसें आहेत. पुढें मात्र गीत मानवतेच्या अश्रूंकडे, सत्तेनें माजलेल्यांना मृत्यूचें स्मरण देण्याकडे आणि स्वतंत्र, सुखी भविष्याच्या स्वप्नाकडे वळतें. हीं वचनें खोटीं नाहींत. पण तीं कोणत्याही सालास लागूं पडतील. ज्या गीतानें आपलें नांव एका विशिष्ट सालावरून घेतलें, त्यानें असें सर्वसामान्य बोलावें, हा त्याचा खरा दोष होय. तो गाडीचा डबा, तें वाटेंत गेलेलें लेकरूं—यांतलें कांहींच कडव्यांत उतरलें नाहीं.

ही उणीव भरून काढतें तें ध्रुपद. त्याचे शब्द जमालाचे नव्हेत. हद्दपार झालेल्या तातारांच्या ओठीं वाढलेल्या, सुंदर क्रिमियाला हांक मारणाऱ्या एका लोकगीतांतून ते आले आहेत. भोगावयाचें राहून गेलेलें तारुण्य आणि पायांखालून गेलेली भूमि यांची हळहळ, एवढाच त्यांतला आशय. त्यांत राग नाहीं, सूडाची भाषा नाहीं. हे शब्द सभागृहांतल्या फारच थोड्यांना कळले असतील. तरीही गीत जिवंत होतें तें तेथेंच. रंगमंचावर जमाला एकटी उभी असते, भोंवतीं नर्तकांचा ताफा नाहीं. कडवीं ती खालच्या पट्टींत, जवळजवळ बोलल्यासारखीं म्हणते. ध्रुपदांत तो आवाज वर चढतो. आणि शेवटच्या ध्रुपदाआधीं शब्द अजीबात थांबून, अझरबैजानकडील मुघाम गायकीची आठवण देणारा नुसता आर्त स्वर उरतो. ऑपेराचें शिक्षण घेतलेल्या या गायिकेनें तेथें आपल्या गळ्याची करामत दाखविली असती तर सारेंच फुकट गेलें असतें. आपल्या साहित्यशास्त्रानें शोक आणि करुण यांत भेद केला आहे: शोक ज्याचा त्याचा, करुण साऱ्या सहृदयांचा. इंग्रजी कडवीं शोकाचा अर्थ सांगतात. न कळणारें ध्रुपद त्याचा रस करतें.

आतां निकालाविषयीं. त्या वर्षीं परीक्षकांचे व जनतेचे गुण प्रथमच निरनिराळे जाहीर झाले. परीक्षकांनीं ऑस्ट्रेलियास ३२० गुण देऊन पहिलें ठरविलें, जनतेनें रशियास ३६१ देऊन. युक्रेन दोन्हीकडे दुसरें आलें, २११ व ३२३ गुणांनीं; आणि बेरजेंत ५३४ गुण मिळवून जिंकलें. ऑस्ट्रेलियाचे ५११ झाले, रशियाचे ४९१. केवळ राजकारणानें हें गीत जिंकविलें म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं त्याच रात्रीं जनतेचीं सर्वांत अधिक मतें रशियाच्या गीतास पडलीं. याहून मोलाची गोष्ट पुढेंच आहे. युक्रेनच्या जनतेनें रशियाच्या गीतास पूर्ण १२ गुण दिले, आणि रशियाच्या जनतेनें ‘१९४४’ ला १०. दोन्ही देशांच्या परीक्षकमंडळांनीं मात्र परस्परांना एकही गुण दिला नाहीं.

पुढच्या वर्षीं स्पर्धा कीव्ह येथें भरली. रशियाची गायिका पूर्वीं क्रिमियांत जाऊन गायिली होती म्हणून युक्रेननें तिला प्रवेश नाकारला, आणि रशिया त्या स्पर्धेस आलाच नाहीं. २०२२ सालापासून तर त्या दोन देशांत मोठें युद्ध पेटलें. गीतानें यांतलें कांहीं टळलें नाहीं, आणि तशी अपेक्षा गीताकडून करणेंही अन्यायाचें होय. त्याच्याकडून मागावयाचें तें इतकेंच कीं, ज्यांच्याशीं आपलें भांडण आहे त्यांच्याही कानांत आपलें दुःख दुःख म्हणूनच पडावें. रशियांतल्या घरांतून आलेले ते १० गुण हीच त्याची साक्ष आहे. म्हणून, कडव्यांच्या सदोषतेसह, केवळ त्या ध्रुपदासाठीं, आम्ही ‘१९४४’ ला त्या थोड्या चांगल्या गाण्यांच्या पंक्तींत बसवितों.