जिंकणारा मूर्खच आपल्याला चालतो

‘थ्री इडियट्स’ (2009) परवा पुन्हा पाहिला आणि लक्षात आलं, की या सिनेमात इडियट कुणीच नाही. रँचो वर्गात पहिला येतो, पुढे त्याच्या नावावर 400 पेटंट्स असतात. त्याला हिणवणारा चतुर शेवटी त्याच्याच सहीसाठी धावतपळत येतो. ‘फॉरेस्ट गम्प’ (1994) आणि त्यावर बेतलेला ‘लालसिंग चड्ढा’ (2022) यांचे नायक बुद्धीने खरोखर मंद आहेत, पण तेही शेवटी पैसा आणि नाव कमावतात. हे सिनेमे मलाही आवडतात. फक्त त्यांत एक छुपी अट आहे: मूर्खपणा माफ, पण शेवटी जिंकून दाखव.

जो जिंकतच नाही त्याचं काय करायचं? हा प्रश्न दोस्तोयव्हस्कीने ‘द इडियट’मध्ये दीडशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलाय. 1868मध्ये ही कादंबरी एका रशियन मासिकात क्रमशः येऊ लागली. तेव्हा लेखक कर्जदारांना चुकवत परदेशात राहत होता, त्याला अपस्माराचे झटके येत होते, आणि त्याच वर्षी त्याची तीन महिन्यांची मुलगी जिनिव्हात दगावली. पूर्णपणे चांगला माणूस रंगवायचा आहे आणि याहून अवघड काम जगात नाही, असं त्याने भाचीला पत्रात लिहिलं होतं. त्या चांगल्या माणसाच्या कादंबरीला त्याने नाव दिलं ‘इडियट’.

प्रिन्स मिश्किन स्वित्झर्लंडमधल्या उपचारांनंतर ट्रेनने पीटर्सबर्गला परततो. हातात एक गाठोडं, अंगावर रशियन थंडीला न पुरणारे कपडे. मराठी कानाला ‘मिश्कील’ आठवेल, पण हा गडी अजिबात मिश्कील नाही. समोरचा जे विचारेल त्याचं खरं उत्तर देतो, एवढाच त्याचा दोष. त्याला ‘इडियट’ कोण कोण म्हणतं ते वाचताना बघा. गान्या म्हणतो, कारण त्याचं लग्नाचं गणित मिश्किनमुळे फिसकटतंय. इतरही म्हणतात, बहुतेकदा त्यांचं पितळ उघडं पडल्यावर. मिश्किनला माणसं भराभर कळतात. नस्तास्या फिलिपोव्हनाचा नुसता फोटो पाहून तिने फार सोसलंय हे तो ओळखतो. त्याला येत नाही तो स्वतःच्या फायद्याचा हिशेब. म्हणजे इथे ‘इडियट’ हे बुद्धीचं माप नाही. ज्याच्याशी व्यवहार कसा करावा हे कळत नाही, त्याला चिकटवलेला हा शब्द आहे.

मराठीतही मूर्खपणाचं मोजमाप जुनं आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’त दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. पण ती यादी वागण्याची आहे: स्वतःची स्तुती करणं, वाडवडिलांच्या कीर्तीवर जगणं, वगैरे. लक्षणं सांगितली ती टाकून देता यावीत म्हणून. या यादीतला मूर्ख सुधारू शकतो, आणि शिकलेला माणूसही मूर्ख असू शकतो.

विसाव्या शतकाने ही सोय काढून घेतली. 1905मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये बुद्धीची चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधणं, एवढाच तिचा उद्देश होता. अमेरिकेत हेन्री गोडार्डने तिच्यावरून उतरंड लावली. मानसिक वय जेमतेम दोन वर्षांचं असेल तर ‘इडियट’, सातपर्यंत ‘इम्बेसाइल’ आणि बारापर्यंत ‘मोरॉन’. हा शेवटचा शब्द तर 1910मध्ये त्यानेच घडवला. हे सगळं रक्तातून येतं, असंही तो सांगू लागला. 1927मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला आठ विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. कारण काय, तर आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी आहेत.

आपणही यापासून लांब नव्हतो. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात वर किंवा वधू ‘इडियट’ असू नये अशी अट त्याच शब्दात होती. 1976च्या दुरुस्तीत तो शब्द गेला.

कॅरी बकची गोष्ट सांगताना पुढे एक वाक्य हमखास येतं: ती मंदबुद्धी नव्हतीच. ते खरं आहे. तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि ती लाज झाकायला तिला संस्थेत टाकलं गेलं. तिची मुलगी व्हिव्हियन आठव्या वर्षी वारली, पण त्याआधी शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकली होती. हे वाचून आपल्याला चीड येते, आणि तिथेच मी अडखळतो. समजा, व्हिव्हियन खरंच मंद असती तर? मग तिच्या आईवर केलेली शस्त्रक्रिया योग्य ठरली असती का? ‘ती तर हुशार होती’ हा बचाव करताना आपण रँचोवालीच अट पुन्हा मान्य करत असतो.

दोस्तोयव्हस्की हा बचाव वाचकाच्या हातून काढून घेतो. मिश्किन कुणालाच वाचवू शकत नाही. उलट त्याच्या दयेने नस्तास्या आणि अग्लाया दोघींचंही नुकसान होतं. एकीवर प्रेम आणि दुसरीवर करुणा, यातून निवड करायची वेळ येते तेव्हा तो नुसता गोंधळतो. त्याचा चांगुलपणा उपयोगी पडला, असं कादंबरी कुठेही म्हणत नाही. शेवटी रोगोझिन नस्तास्याचा खून करतो, आणि ते दोघे तिच्या प्रेताशेजारी रात्र काढतात. सकाळी लोक आत येतात तेव्हा रोगोझिन तापात बरळतोय आणि मिश्किन त्याच्या केसांवरून, गालांवरून हात फिरवतोय. त्याला आता कुणी ओळखू येत नाही, काही विचारलेलं कळत नाही. सगळे गंमतीने किंवा रागाने म्हणत होते, तसा तो आता वैद्यकीय अर्थाने झाला आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा शेवट मला लेखकाची हार वाटला होता. आता वाटतं, कादंबरीची खरी परीक्षा इथेच आहे, आणि ती वाचकाची आहे. बुद्धी गेली, भाषा गेली, पैसा आणि लग्न तर आधीच गेलं. कौतुक करायला एकही निमित्त शिल्लक नाही. आपल्या लेखी हा माणूस अजूनही तोच आहे का? त्याचा हात मात्र पहिल्या पानापासून जे करत आला तेच करतोय.

आपल्या शाळांत अशा मुलांसाठी एक अक्षर राखीव असायचं: ढ. ब्राह्मी लिपीपासून हे अक्षर जवळपास बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, असं सांगतात. आमच्या वर्गातही शेवटच्या बाकावर असा एक मुलगा होता. ‘तो पुढे फार मोठा माणूस झाला’ असं लिहिलं, तर या लेखाचा शेवट एकदम शेअर करण्यासारखा होईल. पण तो मोठाबिठा झाला नाही. गावातच असतो, भेटला की आधी आईची तब्येत विचारतो. त्याला नावाने हाक मारायला याहून वेगळं कारण लागू नये.