शपथेनंतर काय?

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त आपल्याकडे अनेक शाळांतून प्रभातफेरी निघते, व्याख्यान होते, मुले हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ घेतात. हेतू चांगला आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्यामुळे पुढे दारूला हात लावणारी मुले कमी होतात का?

अमेरिकेत हे मोजून पाहिले गेले. १९८३ साली लॉस एंजेलिसचे पोलीस खाते आणि तिथल्या शाळा यांनी मिळून ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी पाचवी-सहावीच्या वर्गावर येऊन सतरा पाठ घेई. दारू, तंबाखू, गांजा यांचे दुष्परिणाम सांगे, मित्रांच्या आग्रहाला ‘नाही’ कसे म्हणावे याचा सराव घेई. पालक खूष, शिक्षक खूष. कार्यक्रम देशभर पसरला.

१९९४ साली आठ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. मुलांची माहिती वाढली होती. दारू पिण्यावरचा परिणाम मात्र नगण्य होता. केंटकी राज्यातल्या मुलांची दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. डेअर शिकलेली आणि नेहमीचेच व्यसनविरोधी पाठ शिकलेली मुले यांत फरक आढळला नाही. अखेर २००९ साली डेअरने जुना अभ्यासक्रम बदलला.

मग चुकले कुठे? हॅन्सन आणि ग्रॅहॅम या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला बारा शाळांतला प्रयोग इथे उपयोगी पडतो. ‘आपल्या वयाची पुष्कळ मुले पितात’ असे मुलांना वाटत असते. हा अंदाज बहुधा फुगलेला असतो. जिथे तो दुरुस्त केला गेला, तिथे वर्षभराने दारूचे प्रमाण कमी दिसले. नुसत्या नकाराच्या सरावाने तसे झाले नाही.

आता आपली व्याख्याने आठवा. ‘आजची तरुण पिढी व्यसनांच्या विळख्यात सापडली आहे’ असे आपण तळमळीने सांगतो. मुलाने त्यातून काय ऐकले? सगळेच पितात, हेच ना?

एका प्रयोगावरून सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. पण पडताळा आपणही घेऊ शकतो. व्याख्यानाआधी वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. ‘तुमच्या वयाची शंभरांपैकी किती मुले दारू पीत असतील?’ आणि ‘गेल्या महिन्यात तुम्ही घेतली का?’ असे दोनच प्रश्न. अक्षरावरून कुणाला ओळखायला जाऊ नका. प्रत्यक्ष आकडा अंदाजापेक्षा कमी निघाला, तर तो फळ्यावर मांडा आणि मुलांना बोलू द्या. जास्त निघाला, तर फळ्यावर न लिहिता सहकाऱ्यांशी बोला. वर्षाने पुन्हा चिठ्ठ्या घ्या, व्याख्यान न झालेल्या तुकडीशी ताडून पाहा.

प्रयोगवहीत निरीक्षणाशिवाय निष्कर्ष लिहिला, तर आपण गुण कापतो. शपथविधीच्या अहवालात ‘कार्यक्रम यशस्वी झाला’ असे लिहिताना तोच नियम आपल्यालाही लावू या.