मेजर स्केलमधील ‘लीडिंग टोन’ : एका रूढ खुलाशाची चिकित्सा

मेजर स्केलमधील सातव्या स्वरास इंग्रजीत ‘लीडिंग टोन’, जर्मनमध्ये ‘लाइटटोन’ व फ्रेंचमध्ये ‘नोत सांसिब्ल’ म्हणतात. पहिल्या दोन संज्ञांत नेण्याची कल्पना आहे, तिसरीत संवेदनक्षमतेची. सी मेजरमध्ये हा स्वर बी होय. त्याला आधारस्वर सी याची ओढ असते. कारण दोहोंत केवळ अर्धस्वराचे अंतर आहे, असा खुलासा सामान्यतः केला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे.

ई आणि एफ यांमध्येही अर्धस्वराचेच अंतर आहे. परंतु ई हा सी–ई–जी या आधारभूत स्वरसंघाचा घटक असल्याने तेथे स्वस्थ राहू शकतो. उलटपक्षी, सी–बी–ए–जी अशा अवरोहात बी खालीच उतरतो. शिवाय हे अंतरही स्थिर नाही. पायथागोरसच्या पद्धतीत ते सुमारे ९० सेंट, १५:८ हे प्रमाण घेतल्यास सुमारे ११२ आणि समविभागी पद्धतीत १०० सेंट असते. अंतर पालटले तरी स्वराचे कार्य पालटत नाही.

या कार्याचा उगम स्वरसंघांच्या परस्परसंबंधांत शोधावा लागतो. रामोने १७२२ च्या आपल्या ग्रंथात लीडिंग टोन हा पाचव्या पदावरील स्वरसंघाचा तीव्र तृतीय स्वर असल्याचे दाखविले. जी–बी–डी–एफ या संघात बी व एफ यांच्यातील विसंवाद बीला वर सीकडे व एफला खाली ईकडे लोटतो. बेथोव्हनच्या पहिल्या सिंफनीचा (१८००) प्रारंभ या दृष्टीने उद्बोधक आहे. सिंफनी सी मेजरमधील असूनही तिच्या पहिल्याच संघात बी फ्लॅट मिसळला आहे. त्यामुळे सी मेजरमध्ये एरवी स्वस्थ असणारा ई तेथे एफचा लीडिंग टोन बनतो. स्वर तोच, संबंध मात्र निराळे.

याचा अर्थ अंतर गौण आहे, असा नव्हे. ए मायनरमध्ये हेच कार्य साधण्यासाठी जीचा जी शार्प करावा लागतो. सामीप्य ही ओढीची अट आहे. तिचे पुरेसे कारण नव्हे.

म्हणूनच लीडिंग टोनला ‘शुद्ध निषाद’ हा पर्याय योजणे दिशाभूल करणारे आहे. यमनात निषाद संवादी असून ‘नि रे ग’ या संगतीत तो षड्जाला वगळून ऋषभाकडे जातो. रागाच्या चौकटीत हे चलन सर्वस्वी स्वाभाविक आहे. भाषेतील ध्वनीचे मूल्य जसे केवळ उच्चारणस्थानावरून नव्हे, तर त्या भाषेच्या व्यवस्थेवरून ठरते, तसेच स्वराचेही आहे. ‘शुद्ध निषाद’ ही संज्ञा स्थान सांगते, ‘लीडिंग टोन’ ही कार्य सांगते. एकीच्या जागी दुसरी ठेवली की दोन्ही संगीतांविषयीची समजूत सदोष होते.