पराभवानंतरचा खेळ

गाजलेल्या कथेवरून काढलेल्या खेळाकडे रसिक मनुष्य सहसा संशयाने पाहतो. नाव कथेचे आणि माल दुकानदाराचा, असा अनुभव वारंवार आल्यावर त्याला दोष कसा द्यावा? ‘ॲस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ हा २००३ सालचा जपानी खेळ मात्र निराळ्या कसोटीस पात्र आहे.

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांनी १९५१ साली चित्रकथेतून ॲटम हा यंत्रबालक निर्माण केला. अपघातात मुलगा गमावलेला एक शास्त्रज्ञ त्याच्याच रूपाचा यंत्रमानव घडवतो; पण तो वाढत नाही असे दिसताच त्याला सर्कशीला विकून टाकतो. १९६३ साली ॲटम दूरचित्रवाणीवर आला. २००३ मध्ये त्याची नवी चित्रमालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी, ‘ट्रेझर’ व ‘हिटमेकर’ यांनी घडवलेला हा खेळ सेगा कंपनीने ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. त्याचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा. एवढ्याशा चौकटीत ॲटम उडतो, ठोसे लगावतो, किरण सोडतो.

एखाद्या नाटकमंडळीतील नटांप्रमाणे तेझुका आपली पात्रे निरनिराळ्या कथांतून वावरू देत. खेळाने हे मर्म नेमके ओळखले आहे. तेझुकांच्या अनेक कृतींतील माणसे येथे भेटतात आणि प्रत्येक नव्या ओळखीबरोबर ॲटमची एखादी शक्ती वाढते. ओळख हेच त्याचे बळ.

परंतु खेळाचे खरे मोल उत्तरार्धात आहे. पूर्वार्धाच्या शेवटी यंत्रमानवांचा संहार होतो. तेझुकांच्याच दुसऱ्या कथामालेतील अग्निपक्षी ॲटमला पुन्हा जिवंत करतो आणि मागील काळात जाण्याचे सामर्थ्य देतो. मग तीच स्थळे, तेच शत्रू. परंतु ॲटमला आता शेवट ठाऊक आहे. हरणे आणि पुन्हा आरंभ करणे हा अशा सर्वच खेळांचा रिवाज. इतरत्र ती नुसती उजळणी असते. येथे तिला कथेत कारण मिळाले आहे. मुलाने पुन्हा खेळायला बसावे, हेच कथानक होऊन बसते.

असे असूनही एक शल्य राहते. ॲटमने माणसांना समजून घ्यावे, आणि त्याचे फळ म्हणून त्याची मूठच बळकट व्हावी, हा हिशेब मनाला पटत नाही. ज्याला समजून घेतले त्याच्यापुढे हात आखडता घ्यावासा वाटतो; पण खेळणाऱ्याच्या बोटांना तशी मुभा फारशी नाही. करुणा संवादांत आहे, हातांत प्रहार आहे. जपानी नावात या खेळाने ‘ॲटमच्या हृदयाचे रहस्य’ सांगण्याचे वचन दिले आहे. ते अर्धेच पाळले गेले. पण त्याच्या जातीचे बहुसंख्य खेळ असे वचन देण्याच्या फंदातही पडत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच त्याचे माप घ्यावे.