पत्त्यांच्या टेबलावरचा ‘मी’

लास व्हेगासच्या ‘बिनियन्स हॉर्सशू’ या जुगारगृहात १९७० साली अमेरिकेतले नामवंत पोकरपटू एकत्र आले होते. त्यांच्यातला सर्वश्रेष्ठ कोण, हे मतदानाने ठरवायचे होते. असे सांगतात की, पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले. मग विचारण्यात आले, “दुसऱ्या क्रमांकाचा कोण?” तेव्हा कुठे जॉनी मॉस निवडून आला. कथेला तिखटमीठ लागले असेल, पण तिच्यातले मर्म खोटे नाही. समोरच्या सर्वांहून आपण सरस आहोत असे ज्याला मनापासून वाटत नाही, त्याने मोठ्या डावाला बसूच नये. आणि ज्याला ते अष्टौप्रहर वाटते, त्याचे दिवाळे ठरलेले. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पायवाटेवरून धंदेवाईक पोकरपटूला आयुष्य काढावे लागते. त्या वाटेविषयीच्या तीन इंग्रजी पुस्तकांचा येथे विचार करावयाचा आहे.

पोकर हा आपल्या तीन पत्तीच्याच गोत्रातला खेळ. त्याच्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि मध्ये सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात. प्रत्येक टप्प्यावर बोली. हाती दोन एक्के येण्याचा योग २२१ वाटपांत एकदा. त्यांची गाठ दोन बादशहांशी पडली, तर एक्केवाला पाचांतून साधारण चार वेळा जिंकतो. म्हणजे सारे बिनचूक करूनही पाचव्या वेळी तो हरतो. स्वभावाची खरी परीक्षा या पाचव्या वेळी होते. चीड आली की माणूस पुढचे दहा डाव सूड म्हणून खेळतो. याला पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात. पिनबॉलचे यंत्र रागाने फार हलवले की ते बंद पडते, त्यावरून हा शब्द आला.

पहिले पुस्तक अल अल्व्हारेझ यांचे ‘द बिगेस्ट गेम इन टाऊन’ (१९८३). अल्व्हारेझ हे मूळचे कवी आणि समीक्षक. १९६२ साली ‘द न्यू पोएट्री’ हा गाजलेला काव्यसंग्रह त्यांनी संपादित केला, पुढे आत्महत्येवर ‘द सॅव्हेज गॉड’ हा ग्रंथ लिहिला. असा माणूस १९८१ च्या जागतिक स्पर्धेला लास व्हेगासला जाऊन राहतो आणि जुगाऱ्यांकडे कवींकडे पाहावे तसे पाहतो. त्यांचे मुख्य निरीक्षण पैशाविषयीचे आहे. या मंडळींच्या लेखी पैसा म्हणजे सुताराचा रंधा : कामाचे हत्यार, त्यापलीकडे काही नाही. नोटांच्या जागी प्लॅस्टिकच्या चकत्या आल्या की घरभाडे, मुलांची फी, म्हातारपण हे सारे नजरेआड होते. ज्याला चकतीत घरभाडे दिसते, तो कचरतो आणि हरतो. अल्व्हारेझ हे फार सुरेख सांगतात. पण मला वाटते, ते थोडे भाळलेही आहेत. या बेफिकिरीत त्यांना एक प्रकारची मुक्ती दिसते. बाहेर पडल्यावर ती बेफिकिरी त्या माणसाचे काय करते, हे पाहायला पुस्तक थांबत नाही.

ते पाहायचे, तर नोलन डाला आणि पीटर ॲल्सन यांनी लिहिलेले स्टू उंगरचे चरित्र ‘वन ऑफ अ काइंड’ (२००५) उघडावे. अल्व्हारेझ ज्या वर्षी हजर होते, त्या १९८१ च्या स्पर्धेचा विजेता हाच उंगर. आदल्या वर्षीही तोच जिंकला होता, तेव्हा वय अवघे २६. मुळात तो ‘जिन रमी’चा खेळाडू. त्यात तो इतका अजिंक्य ठरला की समोर बसायला कोणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. समोरच्याची पाने जणू त्याला उलट्या बाजूने दिसत. पण टेबलावरचा हा सम्राट टेबलावरून उठला की घोड्यांच्या शर्यतीवर, गोल्फवर, जिथे त्याला फारसे कळत नव्हते तिथेही त्याच मस्तीत पैसे लावी. भरीला अमली पदार्थ. १९९७ साली दुसऱ्याने भरलेल्या दहा हजार डॉलर्सच्या प्रवेशशुल्कावर तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. दहा लाख डॉलर्सचे बक्षीस भांडवल देणाऱ्याशी वाटून घेतले आणि स्वतःचा वाटा काही महिन्यांत उडवला. १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलमध्ये तो मृतावस्थेत सापडला. वय ४५.

चरित्रकारांनी उपदेश केलेला नाही, हे त्यांचे मोठेपण. पण त्यांचे पुस्तक अल्व्हारेझ यांना दिलेले उत्तरच आहे. पैशाची किंमत न वाटणे हा गुण टेबलाच्या कडेपाशी संपतो. पलीकडे तोच दुर्गुण होतो. १९८० साली उंगरने अंतिम डावात ज्याला हरवले तो डॉयल ब्रन्सन पाहा. हा टेक्सासचा गृहस्थ शिक्षण-प्रशासनातला पदव्युत्तर पदवीधर. म्हणजे माझ्यासारख्याच्या खुर्चीत बसायचा, तो पत्त्यांत गेला! तो १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती पाने होती दश्शी आणि दुर्री. त्याच्याजवळ अहंकार कमी नव्हता. पण आपली विद्या ‘सुपर सिस्टम’ या ग्रंथात प्रतिस्पर्ध्यांना खुली करून तो पुढेही अनेक वर्षे त्यांच्यासमोर बसत राहिला आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला.

तिसरे पुस्तक मारिया कोनिकोव्हा यांचे ‘द बिगेस्ट ब्लफ’ (२०२०). या बाई कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रातल्या डॉक्टरेट. पत्त्यांच्या कॅटात पाने किती, हेही ठाऊक नसताना त्यांनी एरिक सायडेलला गुरू केले, आणि २०१८ साली बहामात एक स्पर्धा जिंकून ८४ हजारांहून अधिक डॉलर्स मिळवले. पुस्तकाचे सार असे : निकाल तुमच्या हाती नाही, निर्णय तुमच्या हाती आहे. शिक्षकांना हे नवे नाही. गणिताच्या पेपरात आपण उत्तराला नव्हे, पायऱ्यांना गुण देतो. रीत बरोबर असून उत्तर चुकलेल्या मुलाला पाचांपैकी चार मिळतात. शेजाऱ्याचे पाहून नुसते उत्तर लिहिणाऱ्याला फार तर एक. यशस्वी पोकरपटू स्वतःचा पेपर असा तपासायला शिकलेला असतो. सायडेलचेच पाहा. १९८८ च्या अंतिम फेरीत तो जॉनी चॅनकडून हरला. ती हार ‘राउंडर्स’ (१९९८) या चित्रपटात दाखवली गेली आणि साऱ्या जगाने पाहिली. हा माणूस शांतपणे खेळत राहिला.

तरीही कोनिकोव्हाबाईंशी माझे दोन मतभेद आहेत. एक, त्या हरल्या असत्या तरी त्यांचे पुस्तक झालेच असते. पोट ज्याच्यावर अवलंबून आहे त्याला समचित्तता इतकी स्वस्त पडत नाही. दुसरा, त्या शांतपणाला फार महत्त्व देतात. फिल हेल्मुथ १९८९ साली २४ व्या वर्षी जॉनी चॅनला हरवून जगज्जेता झाला. तो हरला की लहान मुलासारखा आदळआपट करतो. नशीब नसते तर सगळे डाव मीच जिंकले असते, अशा अर्थाचे त्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. आत्मचरित्राचे नावच ‘पोकर ब्रॅट’, म्हणजे हट्टी कार्टे. तरी जागतिक स्पर्धामालिकेतली १७ अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. त्याचा ‘मी’ तोंडातून ओरडतो. हातातली पाने मात्र वेळेवर खाली टाकतो. तेव्हा प्रश्न अहंकार मोठा की छोटा हा नाही. तो निर्णयाच्या क्षणी हाताला हलवतो का, हा आहे.

आपल्याकडे हे फार पूर्वी सांगून झाले आहे. वनपर्वातला नळ पुष्कराकडून राज्य हरला, तेव्हा त्याच्या अंगात कली होता. पुढे तो ऋतुपर्णाचा सारथी झाला. बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे ऋतुपर्णाने नजरेने मोजली. नळाने विश्वास ठेवला नाही. रथ थांबवून, झाड पाडून फळे मोजली. संख्या जुळली. तेव्हा अश्वविद्या देऊन त्याने अक्षविद्या घेतली, आणि तत्क्षणी कली त्याच्या अंगातून निघाला. दुसऱ्याला आपल्याहून अधिक कळते हे राजाने मान्य केले, तेथे त्याचा खेळ सुधारला. मग एकाच डावात राज्य परत मिळवले, भावाला क्षमा केली आणि तो थांबला. उंगरला अक्षविद्या जन्मतःच अवगत होती. कली मात्र शेवटपर्यंत निघाला नाही.

हा विचार केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या सीमाभागातून घाट उतरला की पणजी, आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तोपर्यंत घरोघरच्या मोबाईलवर रमी आणि पोकर येऊन पोहोचले होते. आपल्या मुलांना या खेळातले बक्षिसाचे आकडे ठाऊक असतात. ब्रन्सन आणि उंगर यांच्यातला फरक ठाऊक नसतो. म्हणून घरातल्या तरुणाच्या हाती अल्व्हारेझ जरूर द्यावा. भाषा उत्तम, माणसे जिवंत. पण त्याच्या पाठोपाठ उंगरचे चरित्रही द्यावे. दोन्ही वाचूनही ज्याला टेबलाशी बसावेसे वाटेल, त्याने आधी एवढेच पाहावे की जिंकत असताना आपल्याला उठून घरी येता येते का.