कण पोहोचला, पण आतडे तयार आहे काय?

तोंडावाटे लस देण्यासाठी जैव बहुवारिकांचे नॅनोकण वापरण्याच्या संशोधनाविषयी जे लोकप्रिय लेखन होते, त्यात दोन आश्वासने हमखास आढळतात : सुई नको आणि शीतपेटीही नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो; बहुतेक लसी मात्र २ ते ८ अंशांत जपाव्या लागतात. अमरावती जिल्ह्यातील धारणी-चिखलदऱ्याच्या आडवळणाच्या गावांत त्या नेणे किती कष्टाचे, हे वऱ्हाडातील शिक्षकांना सांगायला नको. म्हणूनच ही आश्वासने पारखून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूळ कल्पना चांगली आहे. दुधात लिंबू पिळले की प्रथिनांचे स्वरूप बदलून दूध फाटते. जठरात आम्लाच्या जोडीला प्रथिने तोडणारे पेप्सिनही असते. तेव्हा लसीतील प्रथिनाला चिलखत हवे. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान हे असे एक चिलखत. त्याच्यावरील धन विद्युतभारामुळे ते आतड्यातील बुळबुळीत स्रावाला चिकटून राहते. पण हेच कायटोसान आम्लात विरघळते! म्हणून त्यावर समुद्रशैवालातील अल्जिनेटचा लेप देतात. तो आम्लात आकसतो आणि आतड्यात फुगतो. हा खुलासा गाळला, की कण जादूचा वाटू लागतो. उष्णतेचेही तसेच. कण कोरडे ठेवता आले तर लस अधिक टिकू शकेल. पण ते प्रत्येक लसीबाबत निराळे सिद्ध करावे लागते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. या लेखनात आतडे म्हणजे जणू टपालपेटी. पाकीट आत पडले की काम झाले! वस्तुतः रोजच्या अन्नातील परक्या प्रथिनांकडे काणाडोळा करणे हीच आतड्याची रीत. वरणाविरुद्ध शरीर लढू लागले तर जगणेच अवघड. लसीला ही रीत मोडून प्रतिकारपेशींना जागे करावे लागते.

रोटाव्हायरसच्या लसींचा अनुभव येथे बोलका आहे. त्यांतील दुर्बल केलेले विषाणू स्वतःच आतड्यात पोहोचून वाढतात. तरीही रोटारिक्स या एकाच लसीने तीव्र अतिसारापासून युरोपात ९० टक्क्यांहून अधिक, तर आफ्रिकेतील मलावीत सुमारे ४९ टक्के संरक्षण दिले. आपल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला तिचा आकडा सुमारे ५४ टक्के होता. तेही मोलाचेच, म्हणून २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली. पण हा फरक का पडावा? कुपोषण, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, आतड्याच्या अस्तराची सूज आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे, ही कारणे तज्ज्ञ पुढे करतात. यांतील एकही कणाच्या लेपाने दूर होत नाही.

तेव्हा अशी बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत : प्रयोग उंदरांवर झाला की बालकांवर? त्या बालकांचे पोषण कसे होते? लस किती तापमानात, किती दिवस टिकली? धष्टपुष्ट उंदरात उतरलेला कण मेळघाटातील अशक्त बाळाच्या आतड्यात उतरेलच, असे आज कोणी सांगू नये. त्या बाळाला स्वच्छ पाणी, पुरेसा आहार आणि हाताशी असलेल्या लसींचे वेळच्या वेळी डोस मिळणे, हे नव्या कणाच्या यशासाठीसुद्धा लागणारच आहे.