लांडग्यांनी वाढवलेल्या मुली : एका पुराव्याची तपासणी

माणसाचे मूल माणसांत वाढले तरच माणूस बनते, हे सांगताना मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कमला व अमला या दोन मुलींचे उदाहरण वर्षानुवर्षे येत आले आहे. बंगालमधील मिदनापूरजवळ लांडग्यांच्या बिळात त्या सापडल्या. हातापायांवर चालत, कच्चे मांस खात, रात्री लांडग्यांसारख्या ओरडत, असे आपण वाचतो आणि वर्गातही सांगतो. या माहितीचा मुख्य आधार म्हणजे जे. ए. एल. सिंग आणि रॉबर्ट झिंग यांचे ‘वुल्फ-चिल्ड्रन अँड फेरल मॅन’ (१९४२) हे पुस्तक. पुरावा म्हणून ते कितपत टिकते, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

सिंग हे मिदनापूरचे धर्मोपदेशक. तेथे ते अनाथाश्रम चालवीत. पुस्तकातील त्यांच्या दैनंदिनीनुसार ऑक्टोबर १९२० मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत वारूळ खणून मुली बाहेर काढल्या गेल्या. कमला सुमारे आठ वर्षांची, अमला दीड वर्षाची. अमला १९२१ मध्ये वारली, कमला १९२९ मध्ये. तोवर कमला उभी राहून चालायला आणि मोजके शब्द बोलायला शिकली होती.

पहिला प्रश्न : हे पाहिले कोणी? १९२६ मध्ये वृत्तपत्रातून आलेल्या हकिगतीत सिंग यांना या मुली जंगलाजवळ राहणाऱ्या दुसऱ्याच माणसाकडून मिळाल्या होत्या. पुढे ते स्वतःच साक्षीदार झाले! झिंग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी कमलाला पाहिलेले नव्हते. बालविकासाचे नामवंत अभ्यासक अर्नॉल्ड गेझेल यांनी १९४१ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तेही सिंग यांच्याच नोंदींवरून. नावे तीन झाली, पण साक्ष एकच राहिली.

दुसरा प्रश्न : जीवशास्त्र काय सांगते? अंधारात कमलाचे डोळे चमकत, असे सिंग लिहितात. लांडग्याच्या किंवा मांजराच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. बाहेरचा प्रकाश पडला की डोळे चमकतात. माणसाच्या डोळ्यांत हा थर नसतो आणि कोणाच्याही संगतीने तो तयार होत नाही. लांडग्याची पिल्ले दोन-अडीच महिन्यांत दूध सोडतात आणि लवकरच कळपाबरोबर फिरू लागतात. माणसाचे मूल त्या वयात मानही जेमतेम धरते. शिवाय दोघींच्या वयांत सहा-सात वर्षांचे अंतर. म्हणजे हा चमत्कार एकदा नव्हे, दोनदा घडायला हवा.

तिसरा प्रश्न : नोंदी केव्हा लिहिल्या? फ्रेंच शल्यचिकित्सक सर्ज आरोल यांनी मूळ कागदपत्रे तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडला, की ही दैनंदिनी १९३५ नंतर, म्हणजे कमलाच्या मृत्यूनंतर लिहिली गेली. आणि हातापायांवर चालणाऱ्या मुलींची छायाचित्रे १९३७ मध्ये दुसऱ्याच मुलींना उभे करून काढलेली आहेत. कमलाला रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार असावा, असे त्यांचे मत आहे. ब्रूनो बेटलहाइम यांनीही १९५९ मध्ये अशी मुले स्वमग्न असावीत असे सुचवले होते. स्वमग्नतेची त्यांनी दिलेली कारणे पुढे चुकीची ठरली, पण या मुलांकडे जनावरे म्हणून पाहू नये, ही त्यांची सूचना मोलाची होती.

आमच्या मते खरा मुद्दा येथेच आहे. एखादी आजारी, सोडून दिलेली मुलगी. तिचे न बोलणे, वेडेवाकडे चालणे यांचे कारण शोधण्याऐवजी त्यांवर लांडग्याची चिठ्ठी चिकटवली गेली. आपल्या वर्गातही क्वचित असे मूल असते. त्याला ‘जंगली’ म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा आपणही सिंग यांचीच चूक करतो.

‘पुरावा खोटा असेल, पण निष्कर्ष तर खरा आहे ना?’ असे कोणी म्हणेल. भाषेसाठी माणसांचा सहवास लागतो, हे खरेच आहे. पण त्यासाठी संशयास्पद साक्षीदार कशाला? १८०० मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये रानातून आलेल्या व्हिक्टर या मुलावर डॉ. इटार यांनी सुमारे पाच वर्षे कष्ट घेतले. १८०१ आणि १८०६ या साली, मुलगा हयात असतानाच, त्यांनी अहवाल लिहिले आणि त्याला बोलायला शिकवण्यात आपल्याला यश आले नाही, हेही नोंदवले. व्हिक्टरच्या न बोलण्याचे कारण आजही वादाचे आहे. पण अपयश लिहून ठेवणाऱ्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला जागा असते.

म्हणून कमलाची गोष्ट वर्गातून हद्दपार करू नका. ती सांगा आणि विद्यार्थ्यांनाच विचारू द्या : पाहिले कोणी? लिहिले केव्हा? दुसऱ्या कोणी पडताळले का? एवढे तीन प्रश्न त्यांना सवयीचे झाले, तर कमलाचा धडा वाया गेला असे होणार नाही.